निबंधातले मयत मित्र

मॅट्रिकच्या इंग्रजीत पास व्हायचे तर इंग्रजी यावे लागते, असा एक समज आहे. पिंपळापुरे मास्तरांनी तो कधी बाळगला नाही. त्यांच्या क्लासमधून दरवर्षी इंग्रजी न येणारी बरीच मंडळी इंग्रजीत पास होत, आणि जून उजाडला की नागपूरच्या महाल भागातल्या पीठगिरणीच्या माडीवर पुन्हा गर्दी होई. क्लास त्या माडीवर भरे. खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला की मास्तर वाक्य अर्ध्यावर थांबवत आणि पट्टा थांबला की त्याच शब्दापासून पुढे सांगत. वर्ग सुटल्यावर विद्यार्थ्यांच्या केसांवर पीठ असे. रस्त्यावरचे लोक त्यावरून ओळखत की हा इंग्रजीत उडालेला आहे.

ही सत्तरच्या दशकातली, मॅट्रिक अकरावीला होती तेव्हाची हकीकत आहे. मी नागपुरातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले कापणारा माणूस. कामाची वेळ दुपारनंतरची, त्यामुळे सकाळ रिकामी असे. गिरणीशी स्पर्धा करून मास्तरांचा घसा कायमचा बसला होता. त्यांना एक आवाज हवा होता आणि मला सकाळी कुठेतरी जायचे होते.

क्लासला येणारे सगळे आधी कुठेतरी नापास झालेले असत. कोणी कापसाच्या आडतीवर, कोणी सायकलच्या दुकानात, कोणी कोर्टात मदतनीस. बाकीचे विषय त्यांनी कधीच सोडवलेले असत. अडलेले असे ते इंग्रजी. पेपरात थोडे व्याकरण, एक उतारा, भाषांतर, एक पत्र आणि निबंध असे. शंभरात पस्तीस मिळाले की माणूस सुटला. मास्तर व्याकरणाला हात लावत नसत. "ते शेत आपल्या मालकीचं नाही," असे म्हणत. त्यांचा सारा भर पाठांतरावर होता. गाय, रेल्वेचा प्रवास, आदर्श शिक्षक, जिवलग मित्र असे निबंध त्यांनी स्वतः तयार केले होते. पत्रासाठी एक काका होते. त्यांनी घड्याळ पाठवले होते आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे होते. वर्गातल्या कोणाच्याही मनगटावर घड्याळ नव्हते, पण दरवर्षी सगळे आभार मानत. एका वर्षी पत्राचा विषय निघाला नळाला पाणी येत नसल्याची नगरपालिकेकडे तक्रार. आमच्या एका विद्यार्थ्याने तक्रार व्यवस्थित केली आणि शेवटी घड्याळ वेळेवर पोचल्याचे कळवले.

इतवारीतला एक क्लॅरिनेटवाला होता, लग्नाच्या बँडमधला. त्याला कोणतीही गोष्ट चालीवरच पाठ होत असे. त्याने आदर्श शिक्षक वरातीच्या चालीवर बसवला आणि रेल्वेचा प्रवास मुलीच्या पाठवणीच्या चालीवर. परीक्षेत तो हळूच गुणगुणू लागला तेव्हा पर्यवेक्षकाने त्याला उठवून व्हरांड्यात बसवले. तिथे त्याने मोकळ्या गळ्याने पेपर लिहिला. तो पास झाला.

मला ही पद्धत पटत नव्हती. कारण नीतीचे नव्हते, धंद्याचे होते. वर्तमानपत्रात बातमी लिहिताना महत्त्वाचे आधी येते, कमी महत्त्वाचे नंतर, आणि बिनमहत्त्वाचे सर्वांत खाली. रात्रपाळीला जागा कमी पडली की छापखान्याचा फोरमन न वाचता खालून कापतो. तरीही बातमी जिवंत राहिली पाहिजे. माझे म्हणणे असे की परीक्षक हा त्या फोरमनचाच भाऊ आहे. भर मे महिन्यात वाळ्याच्या ताटीमागे बसून तो पेपर तपासतो. ताटीवर पाणी मारले की थंड वाऱ्याबरोबर झोप येते. तो निबंधाच्या दोन-तीन ओळी वाचतो आणि गुण देऊन टाकतो. मास्तरांच्या गायीचे शिंग पहिल्या ओळीत, दूध तिसऱ्यात आणि उपयोग शेवटी. तिथपर्यंत कोण जागे राहणार?

मास्तर म्हणाले, "करून पाहा तुमचं. पण माझी गाय मारू नका."

मग मी वर्गाला बातमी शिकवली. आधी गावाचे नाव आणि वार. मग कोण, काय, कुठे, केव्हा. विशेषणे नकोत. लहान वाक्ये, म्हणजे चुकायला जागा कमी. आणि आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट लिहायची असेल तर ती कोणी सांगितली ते लिहायचे. हा शेवटचा नियम वर्गाला फार आवडला.

पहिल्या दिवशी विषय दिला, 'माझा जिवलग मित्र.' पुढच्या बाकावर गुलाब भोयर बसत असे. रामटेकच्या बाजूचा, घरी धानाची शेती, स्वतः इतवारीतल्या धान्यबाजारात मापारी. त्याचे लग्न ठरलेले होते, पण मुलीच्या बापाने अट घातली होती की जावई मॅट्रिक पास पाहिजे. त्याने बराच वेळ पेन्सिल चावली आणि उभा राहिला.

"सर, माह्या दोस्ताले काई झालंच नाई."

"म्हणजे?"

"तुमी म्हणता, काय झालं ते पयले लिहा. तो सकाळी उठते, वावरात जाते, संध्याकाळी वापस येते. यात बातमी कोनती?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितले की रोज घडते ते बातमी होत नाही, वेगळे घडते ते होते. भोयरने मान डोलावली आणि मित्राला विहिरीत ढकलले.

त्या आठवड्यात वर्गातल्या बहुतेकांचे जिवलग मित्र गेले. एक रेल्वेखाली, एक साप चावून, एक संत्र्यांच्या ट्रकखाली. आदर्श शिक्षकांचेही काही खरे राहिले नाही. रेल्वेचे डबे रोज घसरत. निबंध मात्र वाचण्यासारखे झाले. पहिली ओळ वाचली की दुसरी वाचावीशी वाटे, आणि हे त्या माडीवर पूर्वी घडले नव्हते. मास्तर मागे बसून ऐकत. एकदा म्हणाले, "काय हो, तुमच्या पेपरात असंच असतं?" मी म्हटले, साधारण असेच.

वर्गात एकच बाई होती, शेवंता रामटेके. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. लहानपणी बापाचे बोट धरून धम्मदीक्षेला गेलेली. आता एका दवाखान्यात आया होती. दिवसभर नर्सच्या मागे तिच्या वस्तू घेऊन चालायचे आणि नर्स विसरली तर तिला आठवण करून द्यायची, असे तिचे काम. नर्सिंगच्या ट्रेनिंगला मॅट्रिकचे प्रमाणपत्र लागे. ती इंग्रजीत दोनदा गेली होती. ट्रेनिंगला वयाची अट होती आणि तिला हे एकच वर्ष उरले होते. या खेपेला नाही तर मग आयुष्यभर आया. ही गोष्ट तिने पहिल्याच दिवशी, नाव सांगावे तशी सांगितली.

शेवंताने कोणालाही मारले नाही. तिच्या निबंधात मैत्रीण जिन्यावरून पडली, तिला दवाखान्यात नेले, आणि आता तिची प्रकृती स्थिर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

भोयर मागे वळून म्हणाला, "मारून टाकाची ना वं शेवंताबाई! पक्की बातमी होते."

"तुया हातानं लोक मरतात, गा. माह्या वार्डात नाई मरू देत."

"सर, हिले कमी मार्क द्या. बातमीत दम नाई."

"तू आपल्या होनाऱ्या सासऱ्याले सांग हे. अजून किती दोस्त उरले तुये?"

तिला एक शंकाही होती. "सर, हे सारं खोटंच ना जी? माही मैत्रीण धडधाकट आहे. भांडी घासून राहिली घरी." मी म्हटले की परीक्षेत नाव-गाव कोणी पडताळून पाहत नाही. ती म्हणाली, "खोटं लिहाचं असन तर गाय काय वाईट होती?" मी पुढच्याचा निबंध वाचायला घेतला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. आमचे सगळे विद्यार्थी बाहेरून बसणारे, म्हणून सगळ्यांना एकाच शाळेत केंद्र मिळाले. निबंधाला तीन विषय होते. त्यांत एक होता 'माझा जिवलग मित्र'. पेपर सुटल्यावर मंडळी गिरणीवर आली ती नाचत. क्लॅरिनेटवाल्याच्या काळानंतर एवढा आनंद माडीने पाहिला नव्हता.

जे मला सुचायला हवे होते ते सुचले नाही. वर्तमानपत्रात एका दिवशी एकाच शैलीत लिहिलेल्या वीस बातम्या असतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शाळेत तसे असत नाही. आमच्या सगळ्यांचे पेपर एकाच गठ्ठ्यात, एकाच परीक्षकाकडे गेले. पहिला पेपर त्याने कौतुकाने वाचला असेल. दुसऱ्याची सुरुवातही 'नागपूर, सोमवार' अशी होती आणि दुसरा मित्रही मेला होता. चौथ्या पेपरला वाळ्याची ताटी असूनही त्याची झोप उडाली. ज्या परीक्षकाला जागे ठेवायची मी एवढी खटपट केली होती, तो आता पूर्ण जागा झाला. त्याने गठ्ठा बांधला आणि सामूहिक कॉपीचा संशय म्हणून बोर्डाकडे परत पाठवला.

हे आम्हाला निकालाच्या दिवशी कळले. त्या काळी मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात छापून येई. पास झालेल्यांचे नंबर तेवढे छापत. ज्याचा नंबर नाही तो नापास. यादीच्या अगदी शेवटी, बारीक टाइपात, राखून ठेवलेल्या निकालांचे नंबर असत. दुपारी यादी आमच्या टेबलावर आली तेव्हा मी वरून शोधत खाली गेलो आणि आमचा संपूर्ण वर्ग मला तळाशी सापडला. संध्याकाळी चपलांची एक जाहिरात आली. जागा कमी पडली. फोरमनने नेहमीप्रमाणे खालून कापले. राखीव नंबर गेले, चपला छापल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंता पेपर हातात धरूनच माडीवर आली. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"नंबर नाई सर."

"तू नापास नाहीस. निकाल राखून ठेवलाय."

"कुठी लिहिलं आहे?"

"लिहिलं होतं. कापलं गेलं."

तिने पेपर उलटा करून चपलांची जाहिरात पाहिली. "मंग आता मी काय आहो जी? पासातही नाई, नापासातही नाई. ट्रेनिंगची यादी या शनिवारी बंद होऊन राहिली. मेट्रनबाईनं काल सांगितलं."

भोयर जिन्यातूनच ओरडत आला. मुलीच्या बापाने पेपर पाहून लग्न थांबवल्याचा निरोप पाठवला होता. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "माझ्या गायीवर आजवर कोणी संशय घेतला नव्हता. हजारो पोरांनी तीच गाय लिहिली. गाय सगळ्यांची सारखी असते, हे बोर्डाला मान्य आहे. मित्र सगळ्यांचे सारखे कसे मरतील?"

लगेच मंगळवारी बोर्डाने चौकशीला बोलावले. चौकशी अधिकाऱ्याने आमच्या यादीतून स्वतःच्या मनाने दोन नावे निवडली, भोयर आणि रामटेके. सोबत मास्तर आणि मी. बोर्डाच्या व्हरांड्यात बाकावर थांबलो असताना शेवंताने चपराशाशी ओळख काढली. त्याच्या बहिणीचे बाळंतपण तिच्याच वॉर्डात झाले होते. त्याने तिला मोकळेपणाने सांगितले की साहेब आज फक्त अहवाल लिहितील. निर्णय समितीचा. समिती उद्याच्या नव्हे, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी बसते.

"पुढच्या?" शेवंताने विचारले.

"हो बाई. बुधवार म्हणजे बुधवार. त्याच्या आदी कोनी मेलं तरी बसत नाई."

अधिकारी साधारण पन्नाशीचे, शांत, पूर्वी कधीतरी इंग्रजीचे शिक्षक असावेत. टेबलावर आमचा गठ्ठा होता. त्यांनी एकेक पेपर उचलून पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि बाजूला ठेवला. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"मास्तर, एका वर्षात एवढे मित्र?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी धंद्याची रीत समजावून सांगितली. महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली, कोणी सांगितले त्याचा उल्लेख. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"म्हणजे तुम्ही पद्धत शिकवली. ठीक. पण पद्धतही पाठ करता येते. ही भाषा यांची आहे हे मला कसं कळावं?" मग त्यांनी भोयरचा पेपर उचलला. "यात लिहिलंय, 'मयत मनमिळाऊ होता, असे विश्वसनीय सूत्रांनी सांगितले.' सूत्रं कोण?"

"मीच जी," भोयर म्हणाला.

"मयत कोण?"

"आहे जी तो. खाली उभा आहे. सायकल सांभाळून राहिला."

अधिकाऱ्यांनी शेवंताचा पेपर उचलला. "हिची मैत्रीण तेवढी वाचलेली दिसते."

"दवाखान्यात कामाले आहो जी मी," शेवंता म्हणाली.

त्यांनी दोघांना कोरे कागद दिले आणि खोलीच्या दोन टोकांना बसवले. विषय दिला, 'ही खोली.' हा विषय कोणत्याही गाइडात नव्हता आणि मास्तरांच्या संग्रहातही नव्हता. मास्तर डोळे मिटून बसले. चहा आला. एकच कप होता. तो साहेबांचा.

भोयरने आधी संपवले. साहेबांनी त्याचा कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि मग माझ्याकडे सरकवला. इंग्रजी मोडके होते, पण अर्थ स्वच्छ होता. 'नागपूर, मंगळवार. बोर्डाचे एक मोठे अधिकारी आज चौकशी करता करता खुर्चीतच वारले. ते कडक पण न्यायी होते, असे सूत्रांनी सांगितले. त्यांच्या मागे एक पंखा, दोन लोखंडी कपाटे आणि पुष्कळ फायली आहेत.'

साहेबांनी कागद परत ओढून घेतला.

"मी कशानं गेलो, ते दिलं नाही," साहेब म्हणाले.

"तपास सुरू आहे जी."

"अबे भैताडा!" मास्तर बसल्या घशाने ओरडले. "साहेबांनाच मारलंस?"

"तुमी सांगा सर, या खोलीत दुसरं काय होनार होतं? कपाट मारू का मी?"

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी फाइलीवर काहीतरी लिहिले आणि ते आम्हाला ऐकू येईल असे उच्चारले, "कोणाकडून उतरवलेले नाही, याची खात्री पटली." मग त्यांनी घंटी वाजवून आणखी एक चहा मागवला. मरण वाचल्यावर माणसाला चहा लागतो.

शेवंता अजून लिहीत होती. एक शब्द लिहायचा, थांबायचे, वर बघायचे. साहेबांचा दुसरा कप संपला तेव्हा तिने कागद आणून टेबलावर ठेवला.

तिने लिहिले होते त्याचा मराठीत असा अर्थ होतो. 'नागपूर, मंगळवार. एका बाईला इंग्रजी लिहिता येते की नाही हे पाहण्यासाठी आज बोर्डात बसवले. तिने बोर्डासाठी याआधी तीनदा लिहिले आहे. साहेबांनी दोनदा चहा घेतला. बाईला विचारले नाही. समिती पुढच्या बुधवारी बसणार, असे चपराशाने सांगितले. ट्रेनिंगची यादी या शनिवारी बंद होणार, असे मेट्रनने सांगितले. पुढच्या वर्षी बाईचे वय बसत नाही. साहेब दयाळू आहेत की नाहीत, हे अजून समजले नाही.'

यात चुका होत्या. क्रियापदे जागच्या जागी नव्हती. पण त्यात खोटे एक अक्षर नव्हते, कोणी मेलेले नव्हते, आणि मी कापायचे म्हटले असते तर मला त्यातली एकही ओळ कापता आली नसती. वर्षभर मी वर्गाला सांगितले होते की रोज घडते ते बातमी होत नाही. एका माणसाने दुसऱ्याला चहा न विचारणे रोजच घडते.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "मी चहा एकदाच घेतला," असे म्हणाले.

"दोनदा जी. एक सुरवातीले. अन् एक भोयरनं तुमाले मारलं तवा."

साहेबांनी दोन्ही कपांकडे पाहिले. दोन्ही टेबलावरच होते.

"या शनिवारी?" त्यांनी विचारले.

"हो जी."

"हे तुम्ही आधी का बोलला नाहीत?"

"तुमी इचारलं नाई. लिहाले सांगितलं."

बोर्डाच्या नियमात एक सोय होती. समिती न बसवता फाइल सभासदांच्या घरोघर फिरवून सह्या घेता येत. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ती आपत्तीच्या वेळी वापरायची होती आणि तशी आपत्ती आजवर कोणी जाहीर केली नव्हती. त्यांनी चपराशाला बोलावले. फाइल घेऊन उद्या सकाळपासून सायकलवर निघायचे. एक सभासद धंतोलीत, एक सदरमध्ये, एक प्रताप नगरच्या बाजूला, आणि तिसऱ्याला सही करायला चष्मा सापडत नाही, तर तो शोधूनच परत यायचे. चपराशी म्हणाला, "पुढच्या बुधवारी समिती आहेच ना साहेब." साहेब म्हणाले, "आणि आता जाताना चहा सांग. सगळ्यांना."

शुक्रवारी दुपारी निकाल सुटले. वर्गातले बरेच पास झाले. भोयर इंग्रजीत सुटला. त्याला वाटले गंगेत घोडे न्हाले, पण निकालपत्र नीट वाचल्यावर गणितात नापास दिसला. गणित सुटले आहे अशी त्याची समजूत होती आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्याचीही. मुलीने बापाला सांगितले की मापाऱ्याला गणित कशाला, तो तर रोज मोजतोच. लग्न झाले. बोर्डाने मास्तरांना समज दिली, मास्तरांनी ती मला दिली, आणि जूनपासून माडीवर पुन्हा गाय आली. त्या वर्षी पास होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, हेही नमूद केले पाहिजे.

शेवंताला इंग्रजीत अडतीस गुण होते. ती निकालपत्र घ्यायला बोर्डात गेली तेव्हा मी बरोबर होतो. शनिवारच्या आत कागद हातात पडतो की नाही, एवढे पाहायचे होते. साहेबांनी स्वतः शिक्का मारून तिला कागद दिला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला, पण जागची हलली नाही.

"आणखी काही?" साहेबांनी विचारले.

"मी त्या दिवशी लिहिला तो कागद पाहिजे जी."

"तो देता येणार नाही. फाइलीचा भाग आहे."

"आजपावतो मी जेवढं इंग्रजी लिहिलं, ते सारं तुमीच ठेवून घेतलं. माह्याजवळ एक ओळ नाई. घरी काय दाखवू?"

साहेबांनी टायपिस्टच्या टेबलाकडे पाहिले. टायपिस्ट जेवायला गेला होता. त्यांनी फाइल उघडली, शेवंताचा कागद काढून डाव्या हाताला ठेवला, उजव्या हाताला कोरा कागद घेतला आणि पेनाचे टोपण काढले. कॉपीच्या चौकशीसाठी बोर्डाने नेमलेला अधिकारी आमच्या विद्यार्थिनीचा निबंध शब्दन्‌शब्द उतरवू लागला. चपराशी दारात येऊन उभा राहिला. शेवंता टेबलाच्या कडेला टेकून, त्यांच्या खांद्यावरून, एकेक ओळ ताडून पाहत होती.

अर्ध्यावर तिने बोट ठेवले.

"साहेब, चहाची ओळ सोडली तुमी."

साहेबांनी मान वर केली नाही. ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात, त्यांनी ती घातली. शेवंता वाकून पाहत राहिली.

"दोनदा जी," ती म्हणाली. "एकदा नाई."